आत ओढलेलं हसणं

पियानो वाजवणारा चुकला, थांबला, आणि कोणीतरी हसलं.

वेंडेल क्रेचीच्या हातातला कॉफीचा कागदी कप तिरका झाला आणि कॉफी त्याच्या पँटवर सांडली. गरम होती, पण ते त्याला नंतर कळलं. शिकागोच्या विमानतळाजवळच्या हॉटेलात स्पीकरांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यातली ती वरच्या मजल्यावरची खोली. पलंग बाहेर काढून एका भिंतीशी दोन उंच लाकडी स्पीकर उभे केलेले, पडदे ओढलेले, आणि समोर मांडलेल्या खुर्च्यांवर काही पुरुष डोळे मिटून बसलेले. त्यांच्यातलं कोणी हललं नाही. पियानोवाल्याने चुकलेली ओळ पुन्हा मागून धरली, या वेळी बरोबर पार केली आणि तो पुढे निघून गेला. वेंडेल मात्र त्या चुकीपाशीच राहिला. ते हसणं बाहेर फेकलेलं नव्हतं. आत ओढलेलं होतं. गार पाण्यात पाय घालताना माणूस श्वास आत घेतो, तसं. असं हसणारं माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिलं होतं. ती त्याची आई होती, आणि तो नऊ वर्षांचा असताना ती मिशिगन सरोवरात बुडाली होती.

“काय रे, धार सोडलीस की काय?” शेजारून लायल कुजबुजला.

“ऐकलंस तू?”

“काय?”

“तो चुकला तेव्हा कोणीतरी हसलं.”

“तो चुकला?” लायल म्हणाला.

लायल ओबरहोल्ट्झ हा त्याचा शेजारी. उभा जन्म त्याने आगीच्या बंबावर काढला होता आणि सायरनने त्याचे कान खाऊन टाकले होते. वरचे बारीक आवाज तुला आता ऐकू येणार नाहीत, असं डॉक्टरने सांगितल्यापासून तो जास्तच महागडे स्पीकर शोधायला लागला होता. टक्कल पडल्यावर कंगवे जमवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय, असं त्याची बायको डोना चारचौघांत म्हणायची. दर एप्रिलमध्ये दोघे सरोवराकाठच्या रसीन गावाहून लायलच्या गाडीने इथे यायचे, हॉटेलच्या लांबलचक कॉरिडॉरमधून खोल्याखोल्यांत शिरायचे, दारं उघडझाप करताना एका खोलीतलं संगीत दुसऱ्या खोलीतल्यावर सांडत असायचं, आणि संध्याकाळी काही विकत न घेता, भांडत, घरी जायचे. वेंडेलला स्पीकरांचं वेड असं नव्हतं. काउंटीच्या जमीन मोजणी खात्यात त्याने सगळी नोकरी काढली होती. दुर्बिणीतून दूरची काठी बघायची, आकडा सांगायचा, गप्प राहायचं. निवृत्त झाल्यावरही त्याला गप्प राहायला जागा हवी होती, आणि माणसांच्या घोळक्यात बसून कोणी बोलत नाही अशी दुसरी जागा चर्चखेरीज त्याला माहीत नव्हती.

रेकॉर्ड संपली तसा तो उठून पुढे गेला. स्पीकर बनवणारा रेजाँ नावाचा क्वेबेकचा माणूस होता, बाह्या दुमडलेला, हाताला लाकडाच्या पॉलिशचा वास. वेंडेलने विचारलं, ही रेकॉर्ड कोणाची? रेजाँने पुठ्ठ्याचं वेष्टन त्याच्या हातात दिलं. वर बर्फाने भरलेली एक खिडकी, खाली पियानोवाल्याचं नाव, इव्हार लुंड, आणि सरोवराच्या वरच्या अंगाच्या एका गावातल्या चर्चच्या हॉलचं नाव. शेजारी साल. वेंडेलने ते साल वाचलं, पुन्हा वाचलं. आई गेली त्यानंतर पाचव्या हिवाळ्यातलं.

“खाली रेकॉर्डच्या बाजारात मिळेल,” रेजाँ म्हणाला. “आर्डिस म्हणून म्हातारी बसते. तिनेच ध्वनिमुद्रण केलंय. आवडली ना? खरा हॉल आहे हो त्यात. भिंती ऐकू येतात.”

खाली नाचाच्या दालनात टेबलांच्या रांगा होत्या. पांढऱ्या वेणीची एक बाई खोक्यांमागे बसून टपरवेअरच्या डब्यातलं अंड्याचं सँडविच खात होती. तिने खाणं न थांबवता कोपराने खोकं पुढे सारलं. वेंडेलने रेकॉर्ड घेतली. विचारायचं ते त्याला विचारता आलं नाही. तोंडाशी आलं आणि त्याने ते गिळलं, कारण विचारल्यावर उत्तर येतं.

त्याच्या आईचं नाव व्लास्ता होतं. तिला स्वतःला पियानो येत नव्हता. कोणा मेलेल्या शिक्षिकेच्या घरातला जुना पियानो तिने आणवला होता, तो चार माणसांनी जिन्याला टेकवत टेकवत वर आणताना ती खाली उभी राहून “हळू, हळू, त्याला लागेल” म्हणत होती, जणू आत कोणी होतं. वेंडेल संध्याकाळी वाजवायला बसायचा आणि ती स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. एक जागा होती, तिथे त्याचं बोट हमखास घसरायचं. घसरलं की आतून ते हसणं यायचं. चिडवणं नव्हतं त्यात. धसका आणि मजा, दोन्ही एका श्वासात. काही दिवसांनी ती जागा त्याला जमायला लागली, तरी तो मुद्दाम चुकायचा. आई हसते का, एवढं बघायला. मग जानेवारीत एका सकाळी तिची गाडी धक्क्यावर सापडली. दार उघडं, सीटवर हातमोजे, पुढे गोठलेलं पाणी आणि त्यात एक काळं भगदाड. बाकी काही मिळालं नाही, वसंतात बर्फ वितळल्यावरही नाही. बाबांनी दफनभूमीत दगड बसवला. दगडाखाली कोणी नव्हतं, हे गावाला माहीत होतं, आणि शाळेत मुलं म्हणायची, तुझी आई बुडाली नाही रे, पळाली, दुसऱ्या कोणाच्या गाडीतून. असं म्हणणाऱ्या एकाचा दात वेंडेलने पाडला होता. त्या वयात त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं की ती पाण्यात आहे. तिथून तिला हलता येणार नव्हतं.

आणि आता ती पाच हिवाळ्यांनंतर एका हॉलमध्ये खुर्चीवर बसून, कोणा परक्या माणसाच्या चुकीवर हसत होती.

“हे बघ,” लायल म्हणाला, “खुर्ची करकरली असेल. नाहीतर कोणाला तरी खोकला आला असेल. जुन्या रेकॉर्डवर काय काय असतं. माझ्याकडे एक आहे, तिच्यात कुत्रं भुंकतं.”

“दुसऱ्या स्पीकरवर ऐकू या.”

“आत्ता कसं बोललास!” लायल खूश झाला. इतक्या वर्षांत वेंडेलने स्वतःहून पहिल्यांदाच काही ऐकायचं म्हटलं होतं.

ते शेजारच्या खोलीत गेले. तिथे फळीवर ठेवायचे, पावाच्या लादीएवढे छोटे स्पीकर होते आणि त्यांचा मालक वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांच्यावरून हात फिरवत होता. वेंडेलने आपली रेकॉर्ड पुढे केली. पियानो आला, स्वच्छ, गोड, मुठीएवढा. तो चुकला, थांबला. काही नाही. नुसती एक रिकामी जागा, आणि मग पुन्हा ओळ. वेंडेलचे खांदे सैल झाले. लायलने त्याच्या पाठीत थाप मारली, “बघ! हे घे, हे. भुतं येत नाहीत यांच्यातून, आणि स्वस्तही पडतील.” पण त्यापुढच्या खोलीत पातळ, उंच, दरवाजाच्या फळ्यांसारखे स्पीकर होते, आरपार उजेड दिसेल असे, आणि तिथे ते हसणं आलं. तिथे त्याच्यापाठोपाठ एक छोटासा निःश्वासही होता, हसून झाल्यावर आई ओठ पुसायची तेव्हाचा. वेंडेलने डोळे मिटले आणि त्याला हॉल दिसला. पियानो मधे, थोडा उजवीकडे. ती डावीकडे, भिंतीपाशी, मागच्या बाजूला. जन्मभर जमिनी मोजताना त्याने हेच केलं होतं. दोन ठिकाणं पक्की धरून तिसरं शोधायचं. त्या जागी त्याला खुंटी ठोकता आली असती. डोळे उघडले तर तिथे हॉटेलचा गालिचा होता आणि भिंतीवर पलंगाच्या उशाकडच्या फळीचा फिका डाग.

“तुम्हाला ऐकू आलं?” त्याने शेजारच्या माणसाला विचारलं.

“काय?”

“बाई हसली ती.”

तो माणूस अदबीने म्हणाला, “मी डाव्या हाताचे खालचे स्वर ऐकत होतो.”

दुपारभर त्याने लायलला फरपटत नेलं. एका दालनात कपाटांएवढे स्पीकर होते, माणसं त्यांच्यापुढे टोप्या काढून उभी होती. त्यातून पियानोचं लाकूड, तारा, वाजवणाऱ्याचं नाकाने श्वास घेणं, सगळं आलं, फक्त ती आली नाही. मग एका कोपऱ्यातल्या खोलीत, कोणीतरी गॅरेजमध्ये जोडलेल्या ओबडधोबड पेट्यांमधून ती इतकी जवळ हसली की वेंडेल खुर्चीतून अर्धा उठला. हिशेब लागत नव्हता. महागड्यात असतं आणि स्वस्तात नसतं, असं असतं तर त्याने मान्य केलं असतं. ती मनाला येईल त्या खोलीत येत होती. येत नव्हती त्या खोलीतून बाहेर पडताना त्याला सुटल्यासारखं वाटायचं, आणि दार बंद होईपर्यंत तो पुढच्या दाराकडे वळलेला असायचा. लायलने आधी थट्टा केली, मग पाय दुखतात म्हणून कुरकुर केली. शेवटी कॉरिडॉरमधल्या बर्फाच्या मशीनपाशी थांबून म्हणाला, “वेंडेल, घरी जाऊ या का? डोनाने खिम्याचं मीटलोफ केलंय. तुझा चेहरा आगीतून बाहेर काढलेल्या माणसासारखा झालाय, मी पाहिलेत तसे चेहरे.”

“बहिणीला फोन करून येतो.”

रॉबर्टा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर बटाटे तिने सोलले, आणि कधी हसली नाही. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीशी उभं राहून त्याने फोन लावला. बाहेर विमानं आवाज न करता उतरत होती.

“जेवलास का तू?” तिने पहिला प्रश्न तोच विचारला, नेहमीसारखा.

“रॉबी, आईचं हसणं आठवतं तुला?”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

“नाही,” ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

“ती श्वास आत घेऊन हसायची. मला इथे एका रेकॉर्डवर…”

“वेंडेल.”

“ती गेल्यानंतरची आहे गं रेकॉर्ड. पाच वर्षांनंतरची. ती तिथे बसलीये. म्हणजे ती…”

“म्हणजे काय? सांग ना. म्हणजे ती तिकडे मजेत होती, आणि मी इकडे तुझ्या चड्ड्या धूत होते? हे सांगायला फोन केलास?” तिचा आवाज चढला आणि मधेच खाली बसला. “मला ऐकवू नकोस ते. माझं ऐक, बाळा. मी म्हातारी झालेय. मला ती बुडालेलीच बरी.”

तिने फोन ठेवला नाही. दोघेही फोन कानाला लावून राहिले, आणि वेंडेलला तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला, आईच्या श्वासापेक्षा किती जड. शेवटी ती म्हणाली, “गाडी सावकाश चालवायला सांग लायलला.”

मला ती बुडालेलीच बरी. वेंडेल काचेला कपाळ टेकून उभा राहिला. हे वाक्य त्याचंही होतं. नऊ वर्षांचा असताना त्याने ते शब्दांशिवाय म्हटलं होतं आणि पुढे सगळं आयुष्य त्याच्यावर रचलं होतं. बुडालेली आई आपल्याला सोडून जात नाही. तिच्यावर रागावावं लागत नाही. पण पाचव्या हिवाळ्यात तो चौदा वर्षांचा होता, पियानो विकून झाला होता, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आणि त्याच हिवाळ्यात ती, त्याच सरोवराच्या काठाला, गाडीने सकाळी निघून दुपारी पोचता येईल एवढ्या अंतरावर, गरम हॉलमध्ये कोट मांडीवर घेऊन बसली होती, आणि एक माणूस चुकला म्हणून तिला हसू आलं होतं. तेव्हा तिला कोणाची आठवण झाली? झालीच असणार. नाहीतर ती हसली नसती. आपल्याला आलाय तो राग आहे की माया आहे, हे त्याला ठरवता येईना.

तो खाली गेला. म्हातारी आर्डिस खोकी बांधायला लागली होती. लायल लिफ्टपासून त्याच्या मागे मागे, हाकेच्या अंतरावर राहून आला.

“त्या संध्याकाळी हॉलमध्ये कोण कोण होतं?” वेंडेलने विचारलं. “ऐकायला.”

“ऐकायला?” तिने चष्मा वर केला. “कोणी नव्हतं हो. वादळ आलं होतं, रस्ते बंद. एकही माणूस आला नाही. खुर्च्या मांडलेल्या, तशाच रिकाम्या. इव्हार म्हणाला, मी वाजवतो, तू यंत्र चालू कर, नाहीतरी अडकलोच आहोत. मी भिंतीपलीकडच्या खोलीत होते, कानाला हेडफोन लावून. राखणदार तळघरात भट्टीत कोळसा टाकत होता. बस्स.”

“पण रेकॉर्डवर एक बाई हसते.”

हातातला दोरा तिने बोटाला गुंडाळला आणि सोडला.

“मला कधी ऐकू आली नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही नाही, नंतरही नाही. मूळ टेप मी किती वेळा ऐकली असेन. पण तुम्ही म्हणताय म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर आम्ही गाडीत बसलो, आणि इव्हार म्हणाला, ती बाई परत कशी गेली गं? मी म्हटलं, कोणती बाई? तर म्हणाला, डावीकडे भिंतीशी बसली होती ती. केस ओले होते तिचे. मी चुकलो तेव्हा तिने मान वर केली, म्हणून मला ती ओळ पुन्हा वाजवावीशी वाटली.” तिने खोक्याला गाठ मारली. “थकला होता तो. चेष्टेखोरही होता. आता विचारायला तोही नाही. तो हॉलही नाही हो, पाण्याने काठ खाल्ला तिथला, पाडावा लागला. अगदी सरोवराच्या तोंडाशी होता.”

वेंडेलने तिचे आभार मानले. दालनाच्या मधोमध, लोक खोकी ढकलत असताना, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद होतोय. तो लपवता येईना. चेहऱ्यावर येत होता. ती गेली नव्हती. कोणाच्या गाडीतून पळाली नव्हती, कुठे दुसरं घर मांडलं नव्हतं, दुसऱ्या कोणा मुलासाठी बटाटे सोलले नव्हते. ती पाण्यात होती, पहिल्यापासून, तो म्हणत होता तिथेच. आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी आली. आई मेली म्हणून हा माणूस हसतोय. ते काळं भगदाड, ते गार पाणी, ते सगळं तिला पुन्हा देऊन हा सुखी झालाय. पाच हिवाळे ती अंधारात काठाकाठाने चालत राहिली असेल, कुठे पियानो वाजतोय का ते ऐकत, आणि त्याने तेव्हा पियानो विकू दिला होता.

“काय म्हणाली म्हातारी?” लायलने विचारलं. त्याने सगळं ऐकलं नव्हतं. त्याला एवढ्या अंतरावरचं ऐकू येत नसे.

“हॉलमध्ये कोणी नव्हतं म्हणाली.”

“मग झालं तर!” लायल म्हणाला. त्याला खरोखरच हायसं वाटलं. “मी म्हणत होतो ना. चल.”

“एकदा शेवटचं. त्या रेजाँकडे.”

लायलने हात वर केले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

रेजाँच्या खोलीत आवराआवर चालली होती. खुर्च्या एकीवर एक रचून दारापाशी गेल्या होत्या, पडदे उघडले होते, आणि बाहेरचं पांढरट ऊन खोलीत पडलं होतं. दारातून न निघालेला हॉटेलचा सोफा तेवढा मधे उरला होता. स्पीकर अजून उभे होते. “तुमच्यासाठी एक बाजू,” रेजाँ म्हणाला, “तेवढ्यात मी खोके घेऊन येतो.” त्याने सुई ठेवली आणि तो बाहेर गेला. वेंडेल सोफ्याच्या मधोमध बसला, लायल त्याला लागून एका टोकाला, खिशातून खारवलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढत. सोफ्यामागे पलंगांची मोकळी जागा होती आणि तिच्यामागे भिंत.

पियानो सुरू झाला. उन्हात तो वेगळाच वाटत होता, साधा, घरगुती. वेंडेलला हात कुठे ठेवावेत कळेना, त्याने ते गुडघ्यांवर ठेवले. समोर डावीकडे, भिंतीपाशी, जिथे ती बसलेली असायची, तिथे तो बघत राहिला. ती ओळ आली. बोट घसरलं. वाजवणारा थांबला.

तिथे काही झालं नाही.

आणि मग ते हसणं मागून आलं. स्पीकरांच्या बाजूने नाही. सोफ्याच्या पाठीमागून, उभ्या माणसाच्या उंचीवरून, इतक्या जवळून की आत ओढलेला श्वास वेंडेलच्या मानेवर गार लागला.

लायलने वळून मागे पाहिलं. त्याचा शेंगदाण्याचा हात तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. तो बघत राहिला, सोफ्यामागे, वर, एखाद्या उंच बाईच्या चेहऱ्याकडे बघावं तसा. आगीत शिरून माणसं बाहेर काढणाऱ्या त्या थोराड माणसाच्या कपाळावर घाम आला. त्याने आपली टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

पियानोवाल्याने ओळ पुन्हा धरली. वेंडेलने मागे पाहिलं नाही. त्याला भीती वाटत होती, पण ती लहानपणची भीती होती, जिन्यावर ओळखीच्या पावलांचा आवाज येईपर्यंतची. तो सोफ्यावर हळूच बाजूला सरकला आणि आपल्या आणि लायलच्या मधे एका माणसाला बसता येईल एवढी जागा करून दिली.